वाकडं तोंड आणि अर्धा पाइंट

लहानपणी पुण्याच्या आमच्या घरात माझ्या नाकाला नोकरी होती. दूध नासायच्या बेतात आहे का, इडलीचं पीठ आज लावायचं की उद्यापर्यंत थांबायचं, लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला का, हे सगळं आई मला विचारायची. ‘वास घे गं जरा,’ म्हणून पातेलं थेट नाकाखाली धरायची. पगार नव्हता आणि रजाही नव्हती. भावाच्या नाकाला कुणी विचारत नसे, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. त्यामुळे तो सुट्टीत दहापर्यंत झोपू शकायचा, हे फार उशिरा लक्षात आलं.

पुढे पुण्यातच मायक्रोबायॉलॉजी केलं, लग्न होऊन नॉटिंगहॅमला आले आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. जुने लोक सांगायचे की पूर्वी जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण उघडून नुसत्या वासावरून जंतू ओळखायचे. मी लागले तोवर त्याला सक्त मनाई झाली होती. म्हणजे ज्या एका गोष्टीत मी खरोखर हुशार होते, तेवढीच करायची नाही. माझं नाक वीस वर्षं बसून होतं.

त्याला पुन्हा काम मिळालं ते एका पबमध्ये. लॅबमधल्या एका बाईच्या रिटायरमेंटला आम्ही सगळे गेलो होतो. मी एरवी ऑरेंज ज्यूसवाली, पण त्या दिवशी कुणीतरी हातात बिअरचा अर्धा पाइंट दिला. एक घोट घेतला आणि मी सहज म्हटलं, याला लोण्याचा वास येतोय. शेजारच्या टेबलावरचे एक उंच, वयस्कर गृहस्थ गर्रकन वळले आणि हे कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आपण काहीतरी बोलायला नको ते बोललो. त्यांनी न विचारता माझा ग्लास उचलला, हुंगला, डोळे मिटून परत हुंगला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, बरोबर आहे, पिंप पुरतं मुरू दिलेलं नाही. आणि त्याच दमात विचारलं की महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही काय करता.

ते आमच्या भागातल्या रिअल एलवाल्या मंडळींचे सेक्रेटरी होते. रिअल एल म्हणजे पबच्या तळघरात, पिंपातच मुरत राहणारी आणि हाताच्या पंपाने वर ओढलेली बिअर. ती जिवंत असते. म्हणजे इडलीच्या पिठासारखीच तिचीही वेळ असते, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. हे कळल्यावर मला त्या बिअरबद्दल एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

नवऱ्याला मात्र तसं वाटलं नाही. “लोक बुक क्लब जॉइन करतात,” तो म्हणाला. “तुला बिअर क्लबच बरा सापडला.” त्याने दुसरं काही म्हटलं नाही. फक्त इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते आधी ठरवून ठेव म्हणाला. गणपतीत एका काकूंनी विचारलंच की हल्ली शनिवारी तू दिसत नाहीस. ग्रामीण बससेवा बघत हिंडते, असं मी सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

कारण आमच्या सहली बसने असत. सेक्रेटरींनी आयुष्यभर कौन्सिलमध्ये बसची टाइमटेबलं केली होती आणि रिटायर झाल्यावर ती सवय आमच्यावर काढली होती. प्रत्येक सहलीला प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद येई. १२.०७ बस. १२.३१ उतरणे. १२.३४ पहिला पब. १२.४१ पहिला घोट. टॉयलेटला सुद्धा वेळ नेमून दिलेली असे, आणि सात-आठ माणसांची वयं बघता ते योग्यच होतं.

पहिल्या घोटाचा एक नियम होता. घोट घेतला की कुणीही बोलायचं नाही. आपापल्या कार्डावर पेन्सिलने पाचपैकी गुण लिहायचे, कार्ड पालथं घालायचं आणि सगळ्यांचं झाल्यावरच तोंड उघडायचं. एकाच्या मताचा दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून. लॅबमध्ये आम्ही हेच करतो, फक्त तिथे प्यायला काही मिळत नाही. बिअर बिघडलेली असेल तर सेक्रेटरी ग्लास घेऊन काउंटरवर जात आणि हलक्या आवाजात सांगत. त्यांनी एकदा सांगितलं की मग कुठलाही पबवाला वाद घालत नसे. त्यांचं नाक या भागात कोर्टासारखं मानलं जाई.

नियम एकूण चौदा होते आणि चौदाही सेक्रेटरींनी लिहिलेले. नववा असा होता की ज्याला वास येत नाही त्याने गुण देऊ नयेत. हा नियम लागू झालेला मी एकदाच पाहिला. सेक्रेटरींचे एक जुने मित्र होते, कोळशाच्या खाणीत नोकरी केलेले, बुटके आणि खणखणीत आवाजाचे. मंडळ दोघांनी मिळून सुरू केलं होतं आणि बसमध्ये दोघं कायम शेजारी बसत. कोविडनंतर सहली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या मित्रांनी बसमध्ये स्वतःहून सांगितलं की आजारपणात वास गेला तो काही परत आला नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग कार्ड देता येणार नाही. मित्रांनी वाद घातला नाही. त्या दिवशी ते आमच्याबरोबर हिंडले, सगळे घोट घेताना पाहत राहिले, संध्याकाळी पेन्सिलसुद्धा परत केली आणि त्यानंतर कधीच आले नाहीत. त्यांना येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पण या असंही कुणी म्हटलं नाही, आणि त्या ‘कुणी’त मीही होते.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. पूर्वी सेक्रेटरी पहिला घोट सगळ्यांच्या आधी घेत. आता ते ग्लास हातात धरून चष्मा पुसत बसत. मी घोट घेतला, की मग ते घेत. ते नेहमी माझ्यासमोर बसत, शेजारी कधीच नाही. एकदा बसमध्ये कुणाची तरी माशांची पिशवी फुटली. अख्खी बस खिडक्या उघडायला लागली, आमची माणसं उठून वरच्या मजल्यावर गेली. सेक्रेटरी मात्र त्या पिशवीच्या मागच्याच सीटवर पाय पसरून टाइमटेबल वाचत बसले होते. मी जिन्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं.

वास गेला तरी जीभ शाबूत असते. गोड, कडू, आंबट कळतं. तेवढ्यावर अर्धं काम भागतं आणि उरलेलं अर्धं ते माझ्या तोंडावरून भागवत होते.

यावर मी काय केलं, तर मदत केली. मला त्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. लोण्याचा वास आला की मी नाक फेंदारायचे. ओल्या पुठ्ठ्याचा आला की ओठ मुडपायचे. कुजक्या अंड्याचा आला तर वेगळं काही ठरवावंच लागत नसे. आम्ही दोघं याबद्दल एक अक्षरही बोललो नाही. त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सहल महिन्यातून एकदाच, मग बाकीचे दिवस तुम्ही काय करता, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पुढच्या सहलीचं टाइमटेबल. कार्ड गेलं असतं तर त्या माणसाजवळ काहीच उरलं नसतं. म्हणून मी दर पहिल्या शनिवारी इमानदारीत तोंडं वाकडी करत राहिले.

हे दीड वर्ष चाललं. मग गेल्या मार्चमध्ये आम्ही एका खेड्यातल्या पबमध्ये गेलो, बस जिथून परत फिरते तिथल्या. पब एक बाई एकटीच चालवते. वर्षातून एकदा आमचं मंडळ ठरवतं की आपल्या भागातले कोणते पब देशभरातल्या चांगल्या पबच्या पुस्तकात जाणार, आणि त्या दिवशी तिचा निकाल होता. तिने काउंटर इतका पुसला होता की त्यात पंपांची उलटी रांग दिसत होती. पंपाच्या दांड्यावर बिअरच्या नावाचा बिल्ला असतो, तोही तिने पुसला होता.

ती बिअर माझ्या अजून लक्षात आहे. भाजलेल्या पोह्यांचा वास, मागून संत्र्याच्या सालीचा आणि शेवटी स्वच्छ कडवटपणा. मी साडेचार देणार होते. साडेचार मी आयुष्यात दोनदाच दिलेत. घोट अजून तोंडातच होता आणि मांडीवरचा फोन थरथरला.

माझी मुलगी एडिनबराला शिकते. तिचा मेसेज होता, “आई, चिडू नको हां. इव्हनिंगला फोन करते.” बस, एवढाच. पुढे काही नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना मी समजावून सांगायची गरज नाही. तिने शिक्षण सोडलं इथपासून ते तिने लग्न केलं इथपर्यंतचं सगळं माझ्या चेहऱ्यावरून गेलं असणार. मी मान वर केली तेव्हा सेक्रेटरी माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी एक लहानसा घोट घेतला, कार्डावर काहीतरी लिहिलं, ते पालथं घातलं आणि ग्लास घेऊन उठले.

मला समजायला उशीर झाला. तोवर ते काउंटरपाशी पोचून नेहमीच्या हलक्या आवाजात बोलत होते. त्या बाईने ग्लास घेतला, हुंगला, चाखला. मग पंपातून थोडी ताजी काढून तीही चाखली. म्हणाली, मला तर काही जाणवत नाही, पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. आणि तिने तो पुसलेला बिल्ला उलटा फिरवला. बिल्ला उलटा म्हणजे ती बिअर बंद. आता ते भरलेलं पिंप गटारात जाणार होतं. पण मला पिंपापेक्षा तिच्या तोंडाकडे बघवेना. ती ग्लास पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती आणि आपलं नाक कुठे चुकलं ते शोधत होती. चांगल्या नाकाच्या बाईला स्वतःच्या नाकाचा संशय यावा याच्यासारखं वाईट काही नाही, आणि ते माझ्या तोंडामुळे झालं होतं.

गप्प बसले असते तर सेक्रेटरींचं कार्ड वाचलं असतं. मी फोन पालथा घातला. मग उभी राहिले.

“बिअर उत्तम आहे,” मी म्हटलं. “तोंड मी दुसऱ्या कारणाने वाकडं केलं. मुलीचा मेसेज आला.”

आमच्यात एक रिटायर्ड शिक्षिका आहेत. त्यांना अर्धवट वाक्य सहन होत नाही. त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं की तुमच्या तोंडाचा यांच्या ग्लासाशी काय संबंध. सगळ्यांनी हळूहळू सेक्रेटरींकडे पाहिलं. ते काउंटरला टेकून उभे होते. उंच माणूस, पण तेव्हा कोट नुसताच खुंटीला लावल्यासारखा दिसत होता.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “दोन हिवाळे झाले.”

त्यांनी आधी त्या बाईची माफी मागितली, नीट, टोपी काढून. तिने बिल्ला सरळ केला आणि मान हलवली. मग ते टेबलाशी आले आणि आपलं कार्ड व पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. आमच्यात एक वकील आहेत. ते म्हणाले, नियम काय, बदलता येतो, हात वर केले की झालं. शिक्षिकाबाईंनी तर हात वर केलाही. सेक्रेटरी म्हणाले, त्याच्या वेळी कुणी हात वर केला नव्हता. शिक्षिकाबाईंनी हात खाली घेतला. दोन वाजून नऊ मिनिटांची बस होती, म्हणून आम्ही निघालो. पब पुस्तकात गेला. मी साडेचार दिले.

परतीच्या बसमध्ये सेक्रेटरी माझ्या शेजारी येऊन बसले. पहिल्यांदाच. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी तीन स्टॉप खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “बिअर खराब असली की तुमची डावी भुवई वर जाते. आज उजवी गेली. माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

मी म्हटलं, सॉरी. ते म्हणाले, मुलगी बरी आहे ना. मी म्हटलं, संध्याकाळी कळेल. (तिने माझा कुकर जाळला होता. पुण्याहून आणलेला. चिडले.) आणखी दोन स्टॉप गेल्यावर त्यांनी मला विचारलं की पुढच्या पहिल्या शनिवारी मी थोडी लवकर येऊ शकेन का. एके ठिकाणी जायचं होतं आणि त्यांना एकट्याने जाता येत नव्हतं. “मित्राने आपणहून खरं सांगितलं त्याचं कार्ड मी काढून घेतलं आणि मी स्वतः मात्र लपवलं,” असं ते म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी बसच्या वेळांव्यतिरिक्त कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं लवकरची बस पकडून नेहमीच्या आधीच्या स्टॉपवर उतरलो. विटांच्या सारख्या घरांची एक लांब ओळ. सेक्रेटरींच्या हातात लॅमिनेट केलेला कागद होता. त्यांनी एक मलाही दिला. त्यावर लिहिलं होतं: ११.२० उतरणे. ११.२६ दार. ११.२६ ते ११.३१ माफी. ११.३१ कोट, बूट. ११.४१ बस. मी म्हटलं, आणि ते नाही म्हणाले तर? सेक्रेटरी म्हणाले, त्याची वेळ धरलेली नाही.

दार वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग मित्रांनी दार उघडलं. अंगात घरचा स्वेटर, पायात सपाता. तीन वर्षांत ते आणखी बुटके झाले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बसमध्ये त्यांनी मला सगळं म्हणून दाखवलं होतं, अगदी पाच मिनिटांत बसणारं. त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. अकरा एकोणतीस झाले, अकरा तीस झाले. शेवटी त्यांनी हातातला कागद पुढे केला.

मित्रांनी स्वेटरच्या खिशातून चष्मा काढला आणि दारातच उभं राहून तो वाचला. वरून खालपर्यंत, आणि मग परत वरून. त्यांचा अंगठा मधल्या, माफीच्या ओळीवर थांबला.

“तुझाही गेला?” त्यांनी विचारलं.

सेक्रेटरींनी मान हलवली.

“अकरा एक्केचाळीसची कधी वेळेवर आली आहे?” मित्र म्हणाले. “तू उगाच धावपळ लावलीस.”

आणि कागद परत देऊन ते कोट आणायला आत गेले. आम्ही दारात उभे राहिलो. सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावरची माफीची ओळ खोडायचा प्रयत्न केला, पण लॅमिनेट असल्यामुळे शाई काही धरेना. मग त्यांनी कागद तसाच घडी न घालता खिशात ठेवला. बस सहा मिनिटं उशिरा आली. ते दोघं पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसले आणि मी त्यांच्या मागे.

पबमध्ये मला पहिला घोट घ्यायला सांगितलं. मी घेतला, कार्डावर गुण लिहिले आणि कार्ड पालथं घातलं. समोर दोघं बिनकार्डाचे म्हातारे एका बाकावर बसून माझ्या भुवईकडे लक्ष ठेवून होते.